कुंडीतली कीड, शेतातली बाटली

जळगावात एखाद्या गच्चीवरच्या जास्वंदीला लागलेला पिठ्या ढेकूण आणि चोपडा-धरणगावच्या शिवारात कपाशीला लागणारा पिठ्या ढेकूण पुष्कळदा एकाच जातीचे असतात. धुळ्याला देवपुरातल्या बाल्कनीत गुलाबाच्या पानांमागे जाळी विणणारा लाल कोळी वांग्या-भेंडीच्या शेतातही सापडतो. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी ही कपाशीवरच्या रसशोषक किडींची यादी खान्देशातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते, आणि यांतल्या बहुतेकींचं शहरातल्या कुंड्यांतही येणं-जाणं असतं. दिवाळीनंतर कपाशी वाळायला लागते, पऱ्हाट्या उपटल्या जातात, तेव्हा पांढरी माशी जिथे हिरवं पान असेल तिकडे निघते. शिवाराला लागून उभ्या राहिलेल्या नव्या कॉलन्यांमध्ये त्या दिवसांत हिरवं काय असतं? ओट्यावरची तुळस, परसातलं मिरची-टोमॅटो आणि जिन्यावर मांडलेल्या कुंड्या.

घरातल्या झाडांवरच्या किडींबद्दल खान्देशापुरतं वेगळं पुस्तक कशाला, असं कोणी विचारेल. त्याची दोन कारणं आहेत. एक हवेचं. कुंडीतल्या झाडांवरची बहुतेक पुस्तकं पुण्या-मुंबईची किंवा परदेशातली हवा धरून लिहिलेली असतात. ‘आठवड्यातून एकदा नीमतेल फवारा’ हा त्यांतला सल्ला मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना, भुसावळला कोणी दुपारी पाळला तर किडीआधी झाड जाईल. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. हा कापूसपट्टा आहे, आणि कापूसपट्ट्यात विष हाताशी असतं.

खान्देशातल्या पुष्कळ शहरी घरांचं एक टोक गावी शेतात असतं. काका, मामा, सासरे, कोणीतरी कपाशी लावतंच. हंगाम संपला की अर्धी-पाव बाटली उरते. गावाहून येताना दादर ज्वारीच्या कट्ट्याबरोबर आणि लोणच्याच्या बरणीबरोबर तीही पिशवीत येते, कारण सुनेच्या जास्वंदीला ‘पांढरं काहीतरी’ लागलेलं असतं. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मात्र शेतातलं माप पंपाचं असतं. पंधरा-सोळा लिटरच्या पंपाला एक झाकण, असा हिशेब वर्षानुवर्षं डोक्यात पक्का बसलेला असतो. घरी एक लिटरची स्प्रेची बाटली. तिच्यात तेच एक झाकण ओतलं की द्रावण पंधरा पट तीव्र होतं, आणि ते फवारलं जातं हाताच्या अंतरावरून, उघड्या तोंडाने, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी. त्यात आपल्याकडे खिडकीला कुलर बसवलेला असतो. कुलर बाहेरची हवा ओढून घरात सोडतो, आणि कुंड्या बहुधा त्याच खिडकीच्या बाहेर असतात. बाल्कनीत मारलेलं औषध पाचव्या मिनिटाला पाळण्यापर्यंत पोचतं, हा विचार फवारताना कोणाच्या मनात येत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ती माणसं वर्षानुवर्षं फवारणी करणारी होती आणि मोकळ्या शिवारात होती. ज्या द्रव्यांनी मोकळ्या रानात माणसं दगावली, त्याच कुळातली द्रव्यं दहा बाय दहाच्या बाल्कनीत वापरायला मी कोणालाही सांगू शकत नाही. कुंडीत चिमूटभर ‘थिमेट’ टाकण्याची सवय तर कित्येक घरांत आजही टिकून आहे. थिमेट म्हणजे फोरेट आणि ‘नुवान’ म्हणजे डायक्लोरव्हॉस. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ही दोन्ही द्रव्यं ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाली आहेत. माळ्यावर जुना डबा असेल तर तो कुंडीत रिकामा करू नये, नालीत तर मुळीच ओतू नये. आणि कुठलंही औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. उन्हाळ्यात घामाघूम होऊन आलेलं मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचत बसत नाही.

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणाचा रंग त्या द्रव्याचा जहालपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. या पुस्तकात लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचं एकही औषध सुचवलेलं नाही. ज्यांना एका फवाऱ्यात सगळं साफ करणारं काही हवं आहे, त्यांची इथे निराशा होईल. पण पंधरा-वीस कुंड्यांची कीड आटोक्यात आणायला त्याची गरज नसते, असं माझं ठाम मत आहे.

शेताकडून घरी आणण्यासारखी गोष्ट निराळीच आहे, ती म्हणजे पाहण्याची रीत. जाणता शेतकरी कपाशीत शिरला की आधी पान उलटतो. झाडाचं शेंड्याकडचं, मधलं आणि बुडाजवळचं अशी तीन पानं तपासतो, किडी मोजतो. पानामागे दोन-तीन तुडतुडे किंवा दहाएक मावा दिसल्याशिवाय फवारणीचा विचार करू नये, असं कृषी विद्यापीठं सांगत आली आहेत. यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. गच्चीवर पैशाचा हिशेब नसतो, पण मोजण्याची सवय तितकीच कामाची. चार मावा दिसले म्हणजे संकट आलं असं नाही. बोटाने चिरडले, पाण्याने धुतले, विषय संपला. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जळगावजवळ ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात, तर तिथला माणूसही औषधाचं नाव सांगण्याआधी किडलेली फांदी आणायला सांगेल.

आता पिठ्या ढेकणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्या गोष्टीत या पुस्तकाचं बरंचसं म्हणणं आलं आहे. २००६-०७ च्या सुमारास भारतातल्या कपाशीवर एक नवा पिठ्या ढेकूण पसरला. मूळचा उत्तर अमेरिकेतला, शास्त्रीय नाव फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांत पाहणी केली, तेव्हा जवळपास सगळीकडे हाच आढळला. अंगावर मेणाचं पांढरं पीठ असल्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. गाजरगवत, पेठारी, भेंडी आणि जास्वंद यांवर तो वर्षभर तग धरतो. शेतकऱ्यांनी औषधामागून औषध मारलं. मग २००८ च्या आसपास एक अगदी बारीक गांधीलमाशी दिसायला लागली, शास्त्रीय नावाने एनासियस. ती कोणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आतली अळी त्याला आतून खाते आणि ढेकणाचं तपकिरी टणक कवच तेवढं पानावर उरतं. एक-दोन हंगामांत या माशीने कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचा जोर बराच मोडला. जिथे कडक फवारण्या चालू राहिल्या तिथे तीही मेली.

तोच अनुभव पपईचा. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण पहिल्यांदा नोंदवला गेला आणि पपई, तुती, जास्वंद, सीताफळ करत तो देशभर फिरला. २०१० मध्ये बंगळुरूच्या एका राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून त्याच्या शत्रू असलेल्या परोपजीवी माशांच्या तीन जाती आणवल्या, वाढवल्या आणि बागांमध्ये सोडल्या. पपईच्या बागा सावरल्या त्या या माशांमुळे. याहून जुनी नोंद क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची आहे. १८९८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतातल्या कॉफीच्या मळ्यांत आणला गेला. ज्या किडीसाठी आणला तिच्यावर फारसा चालला नाही, पण पिठ्या ढेकणावर मात्र तुटून पडला, आणि आज द्राक्षबागायतदार तो विकत घेऊन बागेत सोडतात.

हे सगळं कुंडीच्या पुस्तकात सांगायचं कारण असं की, किडींचे हे शत्रू तुमच्या गच्चीवरही येतात आणि बहुतेक वेळा आपल्याच हातून मरतात. क्रिप्टोलीमसची अळी पांढरी, मेणाच्या झिपऱ्या असलेली, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ती भरभर चालत असेल, तर ती ढेकूण नव्हे. पानाच्या मागे केसासारख्या देठावर टांगलेली बारीक पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मित्रकिडीची. लोक त्यांना बुरशी समजून पुसतात. माव्याच्या घोळक्यात फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावा दिसले, तर त्यांच्यात आधीच परोपजीवी माशी वाढते आहे. त्या फांदीला हात लावू नका. या मित्रकिडींची चित्रं पुस्तकात शत्रूंच्या चित्रांआधी घेतली आहेत, ती जाणूनबुजून.

घरातल्या पिठ्या ढेकणावर उपाय साधा पण चिकाटीचा आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक ढेकूण टिपायचा. पानाच्या बेचक्या, देठाची मुळं, कुंडीच्या कडेची खालची बाजू सोडायची नाही. आठ दिवसांनी पुन्हा, आणखी आठ दिवसांनी पुन्हा, कारण पिशवीतली अंडी पहिल्या खेपेला वाचलेली असतात. अडेनियम आणि निवडुंग विनाकारण मलूल दिसू लागले तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवरही पिठ्या ढेकूण होतो आणि वर एकही दिसत नाही. आणि मुंग्या! झाडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आहेच असं धरा. या किडी गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि त्याच्या बदल्यात ढालकिड्यांना पळवून लावतात. त्याच चिकट्यावर मग काजळीसारखी काळी बुरशी चढते, आणि माणसं बुरशीवर इलाज शोधत बसतात. आपल्या आज्या दुधा-दह्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत. कुंडीच्या स्टँडला तेच करा. मुंग्यांची वाट तुटली की निम्मं काम मित्रकिडी करतात. फक्त वाट्यांतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची सोय होईल.

लाल कोळी हा खान्देशचा खरा उन्हाळी शत्रू. तो कीटकही नाही. आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला, टाचणीच्या टोकाहून लहान. पानावर आधी फिक्या ठिपक्यांची रांगोळी उठते, मग पान तांबूस-मातकट होतं, आणि शेवटी शेंड्याला बारीक जाळी दिसते. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. पांढऱ्या कागदावर पान झटका. धुळीचे कण चालायला लागले तर तो लाल कोळी. तीस अंशांच्या पुढच्या कोरड्या हवेत त्याची अंड्यापासून अंड्यापर्यंतची पिढी आठवड्याभरात पुरी होते. आपल्याकडे मार्च ते जून अशी हवा रात्रीसुद्धा फार सोडत नाही. कुलरच्या ओलसर झोतातल्या खोलीत ठेवलेल्या झाडांना लाल कोळी कमी होतो, पण तिथे माती सतत ओली राहून कुंडीत चिलटं होतात. खिडकीबाहेरच्या, गरम वाऱ्यात सापडलेल्या झाडांना मात्र तो हमखास होतो.

लाल कोळ्यावर बहुतेक घरांत चुकीचं औषध पडतं. कृषी सेवा केंद्रात ‘रस शोषणाऱ्या किडीसाठी’ म्हणून सहज मिळणारं इमिडाक्लोप्रिड कोळ्याला मारत नाही. उलट ते वापरल्यावर लाल कोळी वाढल्याच्या शास्त्रीय नोंदी आहेत. झुरळांचा स्प्रेही नको. त्यातल्या द्रावकाने पानं जळतात आणि त्यातलं पायरेथ्रॉइड कोळ्याच्या शत्रूंनाच आधी मारतं. कोळ्याला नकोसं असतं ते पाणी. पहाटे पानांच्या मागच्या बाजूवर जोरात पाणी मारलं, दिवसाआड आठ-दहा दिवस, तर गुलाबाचं झाड पुन्हा फुटतं. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम या मापाने उत्तम काम करतं, पण दिवसाचं तापमान बत्तिसाच्या वर जात असेल तर ते पानं भाजतं. म्हणजे आपल्याकडे मार्चनंतर ते जवळजवळ बादच. आणि तेलाची फवारणी करून पंधरा दिवस झालेले नसतील तर गंधक कधीच वापरू नये. दोन्ही एकत्र आली की पान हमखास करपतं.

पाण्याने धुवा, असं सांगताना मला आपल्या नळाची आठवण आहे. उन्हाळ्यात दिवसाआड, कुठे चार-चार दिवसांआड पाणी येतं, आणि धुळेकरांनी त्याहून लांबच्या पाळ्या पाहिल्या आहेत. तेव्हा होजपाइपने झाडं धुवा असं मी लिहिणार नाही. कुंडी मोठ्या घमेल्यात आडवी धरून स्प्रेच्या बाटलीने पानांची मागची बाजू धुतली तर दीड-दोन लिटरमध्ये काम होतं आणि खाली जमलेलं पाणी दुसऱ्या, किडीपासून सुरक्षित असलेल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याला देता येतं. साबणाच्या पाण्याची गोष्ट आणखी बारकाईने सांगायला हवी. साबण किडीच्या अंगावरचा मेणाचा थर मोडतो, ती वाळून मरते. एक लिटरला पाच मिली सौम्य द्रव साबण पुरतो. पण तो बोअरच्या जड पाण्यात कालवला तर त्याला फेसच येत नाही, वर साय धरते आणि पानांवर पांढरे डाग पडतात. कित्येकांनी ‘साबणाने काही होत नाही’ म्हणून हा उपाय सोडून दिला, त्यामागे बोअरचं पाणी असतं. एसीतून ठिबकणारं किंवा पिण्याचं शुद्ध पाणी घ्या. आरओच्या मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. कपड्यांची पावडरही नको.

नीम तर आपल्या दारात आहे. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर, शेताच्या बांधांवर निंबाच्या झाडांना तोटा नाही, आणि तरी आपण नीमतेलाची लहान बाटली महागाने मागवतो. वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा पन्नास ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी फडक्यातून पिळून गाळायचा, त्यात थोडा साबण. हा पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. शेतात पाच किलोला शंभर लिटर, घरात पन्नास ग्रॅमला एक लिटर, प्रमाण तेच. त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. किडीचं खाणं कमी होतं, कात टाकणं अडतं, पुढची पिढी घटते. म्हणून दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या तर उपाय फसला असं समजू नये. उन्हाने ते लवकर विरतं, त्यामुळे फवारणी सूर्य कलल्यावर. तेल वापरायचं तर लिटरला पाच मिलीच्या पुढे जाऊ नये, आधी एका पानावर मारून दोन दिवस बघावं, आणि एप्रिल-मे मध्ये तेल शक्यतो वापरूच नये. बाजारात मिळणाऱ्या मित्रबुरशींचंही असंच आहे. व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया या बुरश्यांना ओलावा लागतो. त्या श्रावण-भाद्रपदात छान काम करतात, वैशाखात पैसे वाया जातात.

इतर किडींबद्दल इथे थोडक्यात. फुलकिडे गुलाबाची कळी वेडीवाकडी करतात, पाकळ्यांच्या कडा करपवतात. त्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. मावा थंडीत, ढगाळ हवेत शेवंतीच्या शेंड्यांवर येतो. माव्याची मादी नराविनाच जिवंत पिलं देते, म्हणून चार दिवसांत शेंडा भरून जातो. पण तो सर्वांत लवकर हटणाराही आहे. रावेर-यावलकडच्या वाचकांनी मात्र माव्याकडे दुर्लक्ष करू नये. केळीला होणारा हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, मावा पसरवतो आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांवर, मिरची-टोमॅटोवर तो विषाणू राहतो. तुमच्या परसातला वेल आणि शेजाऱ्याची केळीबाग यांत माव्याला फारसं अंतर वाटत नाही. खवले कीड पामच्या आणि कढीपत्त्याच्या खोडाला तपकिरी पुटकुळ्यांसारखी चिकटते. जुन्या टूथब्रशने खरवडणं हाच चांगला उपाय. कुंडीतली चिलटं म्हणजे जास्त पाण्याची तक्रार. वरची दोन बोटं माती सुकू द्या.

घरगुती उपायांपैकी तंबाखूच्या पाण्याला माझा विरोध आहे. निकोटिन हे चांगलंच जहाल विष आहे, आणि तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोला लागतो. चुलीची राख, लसूण-मिरचीचं पाणी, ताक यांबद्दल ज्याला जे अनुभवाला आलं ते त्याने करावं, पानं जळत नाहीत एवढं पाहावं.

तुळस आणि कढीपत्ता यांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो, नैवेद्यावर ठेवतो. तिच्यावर काहीही फवारण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं. तुळशीचे शेंडे आक्रसून पानांमागे काळे ठिपके दिसले, तर बहुधा जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूण असतो. मंजिऱ्या आणि किडलेले शेंडे खुडून जाळायचे, उरलेलं झाड पाण्याने धुवायचं. तुळस जोमाने फुटते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी एका सुंदर फुलपाखराची आहे. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. कुंडीतलं रोप लहान असेल तर अळ्या उचलून कुठल्या तरी मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन सोडाव्यात. मी हे लिहितो तेव्हा काही शेतकरी मित्र हसतात, पण लिंबाची बाग आणि गच्चीवरचा एक कढीपत्ता यांत हा फरक करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

कीड घरात येते कुठून, याचं सर्वांत सरळ उत्तर आहे नर्सरी. आंध्रातल्या कडियमहून, पुण्याच्या बाजूने ट्रक भरून येणारी रोपं आपल्या नर्सऱ्यांत उतरतात, आणि त्यांच्याबरोबर खवले कीड आणि पिठ्या ढेकूणही उतरतात. नर्सरीवाल्याचा यात दोष असतोच असं नाही. हजार रोपांची पानं उलटून बघणं त्याला शक्य नसतं. तुम्हाला एका रोपाची बघायची असतात. विकत घेण्याआधी पान उलटा, देठाची बेचकी बघा, आणि घरी आणलेलं रोप पंधरा-वीस दिवस बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा. हा एक नियम पाळला तर या पुस्तकाची निम्मी प्रकरणं वाचायची वेळ येणार नाही.

पुस्तकाच्या अखेरीस महिनावार तक्ता आहे. तो जूनपासून सुरू केला आहे, कारण निंबोळ्या पिकून झाडाखाली पडतात त्या जून-जुलैत, आणि वर्षाचा साठा तेव्हाच करावा लागतो. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन टाका, बिया सावलीत वाळवा, हवा खेळेल अशा सुती पिशवीत भरून टांगा. प्लास्टिकच्या डब्यात भरल्या तर त्यांना बुरशी येते. पंधरा-वीस कुंड्यांच्या घराला दोन किलो वाळल्या निंबोळ्या वर्षभर पुरतात. भरडा मात्र लागेल तेवढाच, त्या त्या वेळी करावा.